माळ्यावरचा माणूस

वाळवी लागली होती माळ्याला, पण पोखरून निघाले साहेब.

साहेब म्हणजे काही फार मोठे साहेब नव्हेत. विमा कंपनीत दावे तपासायला होते. कुणाच्या दुकानाला आग लागली की साहेब तिथे जाऊन जळक्या भिंतीकडे असं बघायचे, की भिंतीलाच आपण खरंच जळलो की नाही अशी शंका यावी. बिल्डिंगमधले लोक त्यांना तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की शंकासुर. हे साहेबांना ठाऊक होतं. हे नाव पहिल्यांदा कुणी काढलं, याचा तपास मात्र अजून चालू होता.

तर झालं असं, की स्वयंपाकघराच्या माळ्यावरून लाकडाचा भुसा गळायला लागला, तोही नेमका साहेबांच्या चहाच्या कपात. त्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "वाळवी आहे. माळा रिकामा करून ठेवा, शुक्रवारी फवारून देतो. नाहीतर माझी माणसं करतील रिकामा."

माझी माणसं म्हटल्याबरोबर साहेबांचे डोळे बारीक झाले. परकी माणसं, आपला माळा. "नको," ते म्हणाले, "मी करतो."

बायको तेव्हा बहिणीकडे गेली होती, बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून. साहेबांनी फोन करून सांगितलं, उद्या माळा काढतोय.

"माळ्याला हात लावू नका," ती म्हणाली. "मी आले की मी काढीन."

"का?"

"धूळ असते. तुम्हाला शिंका येतात."

आता तुम्हीच सांगा. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात या बाईला आपल्या शिंकांची काळजी वाटल्याचं एकही उदाहरण साहेबांना आठवेना. उलट शिंक आली की ती म्हणायची, तोंड तिकडे करा. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते माळ्यावर मुरत होतं. साहेबांनी फोन ठेवला आणि स्टूल ओढलं.

माळ्यावर जे असतं ते सगळं होतं. किल्ल्या हरवलेल्या बॅगा, झाकणं न बसणारे डबे, मुलाची तीनचाकी सायकल. वाळवीने मुलाच्या शाळेच्या वह्या खाल्ल्या होत्या. साहेबांना ऑफिसने दिलेलं प्रशस्तिपत्रकही खाल्लं होतं, आणि तेही नेमकं त्यांच्या नावापासून सुरुवात करून. साहेबांनी उरलेला कागद झटकून बाजूला ठेवला. सगळ्यात मागे, गोणपाटाखाली, बायकोचं शिलाई मशीन होतं. नवीन लग्न झालं तेव्हा ती त्यावर काही ना काही शिवत बसायची. साहेबांना घरी फायली वाचायच्या असत. नुसती खडखड, असं ते एकदा म्हणाले, मग रोज म्हणाले, आणि एके दिवशी मशीन माळ्यावर गेलं. ते कसं गेलं आणि त्या दिवशी बायकोचा चेहरा कसा होता, हे काही साहेबांना आठवत नव्हतं.

मशीनच्या लाकडी पेटीत एक गाठोडं होतं. जुन्या चादरीचं, पण कडा हाताने दुमडून शिवलेल्या, टाके बारीक आणि सगळे सारखे. लपवणारा माणूस नीटनेटका आहे, साहेबांनी मनाशी म्हटलं. आणि आजूबाजूचा कागद-न्-कागद फस्त करणाऱ्या वाळवीने या गाठोड्याला तोंड लावलं नव्हतं, कारण त्यात डांबराच्या गोळ्या होत्या. ताज्या होत्या. म्हणजे जो कोणी होता, तो अजून या गाठोड्याची काळजी घेत होता.

साहेबांनी गाठ सोडली. वरच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर एक बाई मोटारीला टेकून उभी होती. अंगावर फक्त एक टोपी होती आणि ती डोक्यावर होती.

साहेब स्टुलावरून पडले नाहीत. ते उतरले, फक्त जरा घाईने उतरले. दाराला कडी घातली, पडदे ओढले आणि पुन्हा पाहिलं. दावा तपासताना एका नजरेवर विसंबायचं नसतं, हा नियमच आहे. तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदाही पाहिलं. टोपीच होती. खाली तसलीच आणखी मासिकं होती, परदेशातली, तीस वर्षांपूर्वीची. आतलं पान मात्र त्यांनी एकही उघडलं नाही. उघडलं तर आपणही त्यातलेच झालो, असं त्यांचं मत होतं.

मग तपास सुरू झाला. नियमाप्रमाणे त्यांनी पहिला संशयित स्वतःला धरलं आणि पुराव्याअभावी लगेच सोडून दिलं. नंतर मुलाला फोन लावला. तो नोकरीच्या गावी असायचा.

"बाबा, तीस वर्षांपूर्वी मी जन्मलो तरी होतो का?"

"तेच विचारतोय."

"आणि मासिकं कोण घेतं आता? सगळं फोनवर असतं."

"काय असतं फोनवर?" साहेबांनी विचारलं, आणि नेमकी तेव्हाच तिकडची रेंज गेली. ही बाब त्यांनी वेगळ्या तपासासाठी बाजूला ठेवली.

राहिला मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ कॉलेजसाठी यांच्याकडे राहिला होता, आणि साहेबांना तो पहिल्यापासून पसंत नव्हता. शिवाय मागच्याच महिन्यात तो येऊन गेला होता, म्हणजे ताज्या गोळ्यांचा हिशोबही बसत होता. साहेबांनी मोठ्या आशेने फोन लावला.

"तुझं काही आमच्या माळ्यावर राहिलंय का? मासिकं वगैरे?"

मेहुण्याने खोल श्वास घेतल्याचं ऐकू आलं. "भाऊजी, शेवटी तुम्हीच विषय काढलात."

"म्हणजे तुझीच ना?"

"माझी कसली? मी बॅट शोधायला वर चढलो होतो, तेव्हा दिसली. ताईला एका शब्दाने बोललो नाही. म्हटलं, नवीन लग्न आहे, माणूस आहे, चालायचंच."

"अरे, ती माझी नाहीत."

"असू द्या हो. खरं सांगू? त्याआधी मला तुमची भीती वाटायची. ती दाट मिशी, त्या फायली. मासिकं बघितली आणि म्हटलं, नाही, भाऊजी आतून आपल्यासारखेच आहेत. तेव्हापासून तुमच्याबद्दल आदर वाढला."

साहेबांनी फोन ठेवला. हा मेहुणा दर भेटीत त्यांच्या पाठीवर थाप मारून उगाचच हसायचा. ते त्याला जिव्हाळा समजत आले होते. एवढ्या वर्षांत सासरी त्यांना जो काही मान मिळाला, तो त्या टोपीवालीमुळे मिळाला होता, हे पचवायला त्यांना दोन कप चहा लागला.

आता घरातलं एकच माणूस उरलं होतं. साहेबांनी तो विचार दारातच अडवला. आधी गाठोडं घराबाहेर काढू, मग पुढचं बघू. कचऱ्यात टाकणं शक्य नव्हतं, कारण कचरेवाली कागद वेगळा आणि बाकीचं वेगळं करायची, आणि करता करता सगळ्या जिन्याशी गप्पा मारायची. म्हणून साहेबांनी माळ्यावरचीच एक कापडी पिशवी घेतली, गाठोडं तिच्यात घातलं आणि पिशवी उजव्या खांद्याला लावली. त्या खांद्यावर आयुष्यभर फायलींची बॅग वाहून तो डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता. त्याची भरपाई कंपनीने कधी दिली नव्हती.

पिशवीचा तळ वाळवीने खाल्लेला आहे, हे त्यांना जिन्यात कळलं. चादर सुटली आणि मासिकं एकामागून एक पायऱ्या उतरत थेट सेक्रेटरीच्या दारात जाऊन थांबली. टोपीवाली सगळ्यात वर.

सेक्रेटरी म्हणजे नाकाने कांदे सोलणारा माणूस. जिन्यात मोठ्याने हसू नये, अशी पाटी लावणारा. त्याने दार उघडलं, खाली पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"ही माझी नाहीत," साहेब म्हणाले.

"कुणाचीच नसतात, साहेब. ज्याची ती असतील असा माणूस मला आजवर भेटलेला नाही." त्याने भराभर सगळी गोळा केली. "कुणी बघायच्या आत मी ताब्यात घेतो. कमिटीतर्फे विल्हेवाट लावतो. तुमची अब्रू ती बिल्डिंगची अब्रू."

एखाद्याची इतकी मदत साहेबांना कधीच पटत नसे. पण त्या दिवशी त्यांनी मान डोलावली आणि वर आले. इतकं हलकं त्यांना बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी दारात. हातात गाठोडं, चेहरा फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा.

"ही काय थट्टा लावली आहे?"

"काय झालं?"

"तुम्ही आत उघडून बघितलंत?"

"मुळीच नाही."

"मग बघा. कपडे घातलेत सगळ्यांना."

"कुणी?"

"मला काय माहीत कुणी? पेनाने काढलेत. वरच्या गुळगुळीत कागदावर शाई धरली नसेल, ते तेवढं सोडलंय. आत एक बाई सोडली नाही. गळ्यापर्यंत बटणं लावलीत."

"तुम्ही शेवटच्या पानापर्यंत गेलात?"

सेक्रेटरी खोकला. "कमिटीतर्फे," तो म्हणाला आणि गाठोडं आत ढकलून निघून गेला. साहेबांच्या हाताला गाठोडं कालच्यापेक्षा हलकं लागलं. एखादा अंक कमी होता. पण विचारायचं कुणाला?

तेव्हा कुठे साहेबांनी भिंग घेऊन पानं उघडली. सेक्रेटरी खोटं बोलत नव्हता. प्रत्येक बाईच्या अंगावर कपडे होते आणि ते नुसते गिरगटलेले नव्हते. कॉलर होती, चुण्या होत्या, आतल्या शिवणीच्या तुटक रेघा होत्या, कुठे अस्तर लागेल तिथे बारीक फुली होती. जुन्या अंकांतल्या बायका एकेकट्या उभ्या असायच्या, दुकानाच्या काचेत मांडल्यासारख्या, आणि त्यांना कपडेही बंदिस्त होते, मनगटापर्यंत बाह्या. पुढच्या अंकांत बायका बसायला लागल्या, मागे वळून बघायला लागल्या, तसे कपडेही सैल झाले. खिसे आले. मोठे, हात घालून चालता येईल असे. मग पानांवर पुरुष आले. एका फोटोत बाई पेपर वाचत होती आणि पुरुष तिच्याकडे बघत बसला होता. त्या बाईला पेनाने पॅंट रेखली होती आणि पुरुषाला स्वयंपाकाचा एप्रन. या एप्रनकडे साहेब बराच वेळ बघत राहिले.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. जिथे जिथे पुरुष होता, तिथे तो एकच होता. छापलेले चेहरे वेगवेगळे, पण प्रत्येकाला तीच दाट मिशी काढलेली, आणि एप्रनवाला सोडला तर सगळ्यांना तोच लांब कोट. शेवटच्या अंकातल्या कोटवाल्याच्या खांद्यावर बाईने डोकं टेकलं होतं आणि तो हसत होता.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं.

रेघा शिंप्याच्या होत्या. आणि शिंपी कोण, हेही त्यांना माहीत होतं. नवीन लग्न झालं तेव्हा कोपऱ्यावर एका टेलरचं दुकान होतं, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. बायको दुपारी त्याच्याकडे काजं-बटणं करायला जायची. पुढे मास्तर गाव सोडून गेला, आणि त्याच सुमाराला मशीन माळ्यावर गेलं. सगळं चपखल बसत होतं. एरवी दावा इतका चपखल बसला की साहेब तो फेटाळून लावायचे. पण तो दुसऱ्यांचा असायचा. तीस वर्षं ही बाई आपल्याला चहा देत होती आणि वर्षाच्या वर्षाला वर जाऊन त्या मिशीवाल्याला डांबराच्या गोळ्या देत होती. साहेबांना राग आला, आणि राग ओसरल्यावर भीती वाटली. तिला काय हवंय, हे आपण कधी विचारलं होतं का? मास्तरने विचारलं असेल.

बायको गुरुवारी दुपारी आली. साहेबांनी टेबलावर सगळे अंक ओळीने मांडून ठेवले होते आणि समोर एक खुर्ची.

"बस. काही विचारायचंय."

"आधी चहा टाकते."

"चहा नंतर."

तिने टेबलाकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"ही कुणाची?"

"माझी."

साहेबांनी सगळी तयारी नकाराची केली होती. होकारावरचा पुढचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता.

"तुझी म्हणजे मास्तरची," ते शेवटी म्हणाले.

"त्यांच्याकडूनच आणली. त्यांच्याकडे रद्दीत यायची, शिवलेले कपडे गुंडाळायला. बिचारे लाजून पालथी घालून ठेवायचे. मी म्हटलं, मला द्या."

"कशाला?"

"डिझाइनं काढायला शिकत होते मी. मास्तरांकडे फॅशनची पुस्तकं होती, पण त्यातल्या बायकांनी आधीच कपडे घातलेले. त्यांच्यावर मी आणखी काय घालू? आणि मला माणसं काढता येत नाहीत, नाक काढलं की कान राहतो. मला रिकामी माणसं हवी होती. ती यातच मिळाली."

साहेबांनी या जबाबात भोक शोधून पाहिलं. सापडलं नाही.

"मग लपवलीस का?"

"दाखवली असती तर तुम्ही काय बघितलं असतंत? मी काय काढलंय ते, की त्याखाली काय आहे ते?"

साहेबांनी टोपीवालीचा अंक पालथा घातला.

"दुकान काढायचं होतं मला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे साहेबांना जास्त लागलं. "मास्तर गेले तेव्हा म्हणाले होते, जागा घेता का? त्या आठवड्यात तुम्ही खडखड, खडखड करत होतात. मला फार वाईट वाटलं होतं. मशीन वर गेलं, तसं म्हटलं हीही जाऊ देत. गोळ्या तेवढ्या बदलत राहिले. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

साहेबांना काहीतरी बोलायचं होतं. पण संशय ही वाईट सवय असते, ती आधी बोलते. त्यांनी शेवटच्या अंकावर बोट ठेवलं.

"आणि हा? हा मास्तर ना?"

"मास्तरांना मिशी फुटलीच नाही कधी."

"मग कोण?"

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं साहेब जळक्या भिंतीकडे बघायचे. "एवढे दावे तपासता. खांदे बघा की त्याचे."

साहेबांनी भिंग लावलं. छापलेला माणूस सरळ उभा होता. पण कोटाच्या उजव्या खांद्यात आतून जादा थर दाखवला होता, डाव्यात नव्हता. त्यांनी दुसरा अंक ओढला, मग तिसरा. प्रत्येक कोटात उजवीकडेच.

"तो खांदा उतरता आहे," ती म्हणाली. "तेव्हाच उतरायला लागला होता, त्या बॅगेने. कोट नीट बसायचा तर कापूस भरून वर उचलावा लागतो."

साहेबांचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला आणि तिथून वरच्या ओठावर. स्वतःची मिशी उतरवूनही आता बरीच वर्षं झाली होती. काखेत कळसा म्हणतात, इथे तर तो खांद्यावर होता.

"पण हा हसतोय," ते म्हणाले.

"ते छापील आहे. तेवढं मी झाकलं नाही."

यावर साहेब काय बोलले असते कोण जाणे, पण तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरीची बायको उभी होती. तिने आधी जिन्यात खाली-वर पाहिलं, मग आत येऊन पदराखालून कमी असलेला अंक काढला.

"आमच्या गादीखाली सापडला. गाठोडं यांनी तुमच्याकडे आणून दिलेलं मी बघितलं होतं. यांना विचारलं तर म्हणे कमिटीचा आहे." तिने मध्येच खूण घातलेलं पान उघडलं. "वहिनी, ते जाऊ दे. या बाईचा हा कोट बघा. खिसे केवढे आहेत. सगळा जन्म गेला, माझ्या एका कपड्याला खिसा नाही. किल्ल्यासुद्धा यांच्याकडे मागायच्या. कुणी शिवलाय हो हा?"

"अजून कुणीच नाही."

"तुमच्याकडे मशीन होतं ना?"

बायकोने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माळ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी पेस्ट कंट्रोलवाला त्याची माणसं घेऊन आला. साहेबांनी स्वतः स्टूल धरलं आणि त्यांना वर चढवलं. "जपून," ते म्हणाले, "ते बाईंचं मशीन आहे. आधी ते खाली द्या, मग काय फवारायचं ते फवारा." मशीन खाली आलं तेव्हा त्याचं चाक गंजलेलं होतं. साहेबांनी तेल आणलं. उत्साहात इतकं ओतलं, की पहिल्या दिवशी शिवलेला कपडा पुन्हा धुवावा लागला.

सेक्रेटरी आवाजाची तक्रार घेऊन आला, तर आत त्याची बायको खिशात हात घालून आरशासमोर फिरत होती. तो तसाच परत गेला. संध्याकाळी साहेब फाईल उघडून बसायचे. मशीन खडखडायचं, आणि एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जायला त्यांना फार वेळ लागायचा. पण ते काही बोलत नसत.

मग एका संध्याकाळी मशीन थांबलं. बायको टेप घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"उभे राहा."

"कशाला?" साहेबांचे डोळे बारीक झाले.

"उभे राहा म्हणते ना."

ते उभे राहिले. तिने पाठीवरून टेप ओढली, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि उजवीकडे बोटाने दाबून पाहिलं. "आणखी उतरलाय. कापूस वाढवावा लागेल." टेप पोटाभोवती आली. "पोट आत ओढू नका. खोटं माप दिलंत तर दावा फेटाळीन."

साहेबांनी श्वास सोडला. टेप सैल करावी लागली.

"मिशी परत ठेवू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"मिशीचं राहू दे," ती म्हणाली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. "त्याच्यासारखं हसून दाखवा."

साहेब हसले. म्हणजे त्यांनी तसा प्रयत्न केला. तिने मान तिरकी करून बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे संशयाने पाहिलं आणि टाचण्या तोंडातून काढल्या.

"पुन्हा," ती म्हणाली.